‘स्मृतिचित्रे’तील दैनंदिन ख्रिस्ती जीवन आणि पावित्र्याची संकल्पना

सारांश

लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राचा विचार मराठी समीक्षेने प्रामुख्याने प्रांजळ निवेदन, निर्मळ विनोद आणि रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या सहजीवनाची कहाणी या अंगांनी केला आहे. प्रस्तुत लेखात या ग्रंथाकडे पावित्र्याच्या संकल्पनेच्या दृष्टीने पाहिले आहे. माहेरचे सोवळे, धर्मांतरानंतरचा पाण्याचा प्रश्न आणि टिळकांचे वैराग्य या तीन टप्प्यांवर पावित्र्याची तीन रूपे ग्रंथात दिसतात. प्रत्येक रूपाचा भार घरात कोणी वाहिला, याची नोंद लक्ष्मीबाई ठेवतात. त्यामुळे दैनंदिन ख्रिस्ती जीवनातील पावित्र्याचा एक व्यवहार्य निकष या ग्रंथातून हाती येतो, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : पावित्र्य, सोवळे-ओवळे, मराठी ख्रिस्ती साहित्य, आत्मचरित्र, स्त्रीश्रम, वैराग्य.

प्रस्तावना

जानेवारी २०२० मध्ये मराठवाड्यात दोन घटना एकाच सुमारास घडल्या. परभणी जिल्ह्यातील पाथरी हे साईबाबांचे जन्मस्थान म्हणून विकसित करण्याची घोषणा राज्य शासनाने केली. त्यावरून वाद निर्माण झाला आणि १९ जानेवारीला शिर्डीत बंद पाळण्यात आला. त्याच्या काही दिवस आधी उस्मानाबाद (आताचे धाराशिव) येथे त्र्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन पार पडले. त्याचे अध्यक्षपद फादर फ्रान्सिस दिब्रिटो या वसईच्या कॅथलिक धर्मगुरूंनी भूषविले. पहिल्या घटनेत पावित्र्य स्थळाशी जोडलेले होते आणि त्या स्थळाच्या मालकीवरून गावे एकमेकांसमोर उभी राहिली. दुसऱ्या घटनेने मराठी साहित्यातील ख्रिस्ती परंपरेकडे मराठवाड्यातील वाचकांचे लक्ष वेधले. या दोन घटना शेजारी ठेवल्या असता एक प्रश्न उभा राहतो. पावित्र्य हे स्थळाचे, वस्तूचे, व्यक्तीचे लक्षण असते की ते रोजच्या वागण्याचे लक्षण असते?

हा प्रश्न या प्रदेशाला नवा नाही. पाथरीप्रमाणेच परभणी जिल्ह्यात असलेल्या गंगाखेडची संत जनाबाई दळण, कांडण, सडासारवण या कामांतच विठ्ठलाची सोबत अनुभवते. पावित्र्य देवळाच्या गाभाऱ्यातून उचलून जात्याशी आणण्याचे कार्य वारकरी स्त्रीसंतांनी केले. हाच प्रश्न मराठी ख्रिस्ती साहित्यातही विचारला गेला, याची जाण मात्र आपल्या अभ्यासक्रमांत क्वचितच दिसते.

मराठी ख्रिस्ती साहित्याची परंपरा दीर्घ आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये प्रसिद्ध झाले. बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी १८५७ मध्ये आली. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ पासून सुरू झाले. स्टीफन्स यांनी ख्रिस्तकथेला पुराणाचे भव्य रूप दिले. पदमनजी यांनी विधवांच्या दुःखस्थितीच्या चित्रणातून सामाजिक व धार्मिक युक्तिवाद उभा केला. स्वयंपाकघर, पाण्याचा हंडा, महिनाअखेरची चणचण, आजारी मूल आणि अचानक दारात उभा राहिलेला पाहुणा या पातळीवर ख्रिस्ती जीवन कसे जगले जाते, याचे चित्र मात्र ‘स्मृतिचित्रे’इतक्या सलगपणे अन्यत्र आढळत नाही. १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाचे इंग्रजी अनुवादही झाले. त्यांतील ई. जोसेफाइन इंक्स्टर यांचा अनुवाद १९५० मध्ये, तर शांता गोखले यांचा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. ग्रंथाची लोकप्रियता वादातीत आहे. तथापि, या लोकप्रियतेनेच त्यातील वैचारिक आशयाकडे काहीसे दुर्लक्ष झाले, असे म्हणावे लागते.

१. ‘पावित्र्य’ : शब्द आणि संकल्पना

‘पावित्र्य’ या मराठी शब्दाला किमान दोन अर्थच्छटा आहेत. एक शुचितेची, म्हणजे स्पर्श, अन्न, वस्त्र व पाणी यांच्या शुद्धतेची. दुसरी अंतःकरणाच्या निर्मळतेची. पहिल्या अर्थासाठी मराठीत ‘सोवळे’ हा नेमका शब्द आहे. सोवळे म्हणजे केवळ स्वच्छता नव्हे. सोवळ्याचे मर्म वेगळे राहण्यात आहे. स्वच्छ आंघोळ केलेला मनुष्यही परक्या स्पर्शाने ओवळा होतो, कारण तेथे मळाचा नव्हे तर सरमिसळीचा प्रश्न असतो.

बायबलमधील पावित्र्याच्या कल्पनेचा प्रारंभही वेगळेपणातच आहे. ‘कादोश’ या हिब्रू शब्दाचा अर्थ ‘देवासाठी वेगळे काढून ठेवलेले’ असा सामान्यतः सांगितला जातो. लेवीय या पुस्तकात अन्न, स्पर्श, रोग, प्रसूती यांविषयीचे शुद्धाशुद्धतेचे विस्तृत नियम आहेत. ब्राह्मणी घरात वाढलेल्या वाचकाला हे जग अपरिचित वाटू नये. त्याच पुस्तकात देव पवित्र असल्यामुळे त्याच्या लोकांनीही पवित्र असावे, ही आज्ञा आहे. तथापि, त्याच आज्ञेच्या प्रकरणात शेताच्या कडेचे पीक गरिबांसाठी राखावे, मजुराची मजुरी रात्रभर अडवून ठेवू नये आणि शेजाऱ्यावर प्रेम करावे, असेही सांगितले आहे. म्हणजे विधीचे पावित्र्य आणि व्यवहाराचे पावित्र्य तेथे एकत्र नांदतात.

नव्या करारात या दोहोंमधील तोल बदलतो. मार्ककृत शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात येशू असे प्रतिपादन करतो की, बाहेरून आत जाणारे अन्न माणसाला विटाळत नाही; अंतःकरणातून बाहेर पडणारी दुष्टता त्याला विटाळते. तो कुष्ठरोग्याला स्पर्श करतो, रक्तस्रावाने पीडित स्त्रीच्या स्पर्शाला दूषण देत नाही आणि समाजाने दूर ठेवलेल्यांच्या पंगतीला बसतो. येथे संसर्गाची दिशा उलटते. अशुद्धता पवित्र माणसाला लागत नाही, तर पवित्र माणसाचे आरोग्य आजाऱ्याला लागते. याकोबाच्या पत्रात तर शुद्ध धर्माचे लक्षण म्हणून अनाथ व विधवांचा त्यांच्या संकटात समाचार घेणे हे प्रथम सांगितले आहे.

पुढील ख्रिस्ती इतिहासात हा तोल पुन्हापुन्हा डळमळला. मठात राहणारे ते पवित्र व संसारी ते सामान्य, अशी विभागणी रूढ झाली. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरने संसारातील साध्या कामालाही ईश्वरी पाचारणाचा दर्जा दिला. अठराव्या शतकात जॉन वेस्लीने पावित्र्य एकांतात नव्हे, तर माणसांच्या संगतीत साधते, अशी भूमिका घेतली. कॅथलिक चर्चने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेतील १९६४ च्या ‘लुमेन जेन्शियुम’ या दस्तऐवजात पावित्र्याचे पाचारण सर्वांनाच आहे असे स्पष्ट केले. पोप फ्रान्सिस यांनी २०१८ च्या आपल्या प्रबोधनपत्रात शेजारच्या घरात आढळणाऱ्या संतत्वाचा गौरव केला. म्हणजेच १९६४ मध्ये एका जागतिक परिषदेला जे अधिकृतपणे मांडावेसे वाटले, ते त्याच्या तीस वर्षे आधी एका मराठी स्त्रीने आपल्या संसाराच्या आठवणींत दाखविले होते.

२. भयातून आलेले पावित्र्य

‘स्मृतिचित्रे’चा प्रारंभ धर्मांतरापासून होत नाही, तो माहेरच्या सोवळ्यापासून होतो, ही बाब अर्थपूर्ण आहे. लक्ष्मीबाईंचा जन्म नाशिकजवळच्या जलालपूर येथे गोखले घराण्यात झाला. त्यांचे माहेरचे नाव मनकर्णिका. त्यांच्या आईच्या वडिलांना १८५७ च्या उठावाच्या संबंधात फाशी झाली. या घटनेचा जबरदस्त आघात लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या मनावर झाला आणि त्यानंतर त्यांना सोवळ्याने पछाडले. घरात येणारी जवळजवळ प्रत्येक वस्तू धुऊन घ्यावी, घरातील प्रत्येकाने स्पर्शाचे कडक नियम पाळावेत, असा त्यांचा दंडक झाला.

हे वर्णन विनोदी आहे आणि बहुतेक वाचक ते हसत वाचतात. तथापि, विनोदाच्या आड दोन गंभीर निरीक्षणे आहेत. पहिले असे की, हे सोवळे शास्त्राच्या अभ्यासातून आलेले नाही. बाहेरच्या जगाने घरावर घाला घातला आणि त्या जगाला उंबऱ्याबाहेर रोखण्यासाठी एका घाबरलेल्या माणसाने पाण्याची भिंत उभारली. लक्ष्मीबाई वडिलांना दुष्ट ठरवीत नाहीत. त्यांच्या वागण्याचे मूळ त्या सांगतात आणि त्यामुळे वाचकाच्या मनात हास्याबरोबर करुणाही निर्माण होते. दुसरे निरीक्षण असे की, सोवळे वडिलांचे असले तरी ते पाळण्याचे कष्ट घरातील स्त्रियांचे व मुलांचे होते. पाणी कोणी आणायचे, धुणे कोणी धुवायचे, ओल्या कपड्यांत कोणी वावरायचे, या प्रश्नांची उत्तरे निवेदनातून आपोआप मिळत जातात. पावित्र्याचा मान एकाकडे आणि त्याचा खर्च दुसऱ्यांकडे, ही विभागणी येथे प्रथम दिसते. ती पुढे ग्रंथभर पुन्हा दिसत राहते.

३. पाण्याचा प्रश्न

वयाच्या अकराव्या वर्षी मनकर्णिकेचा विवाह नारायण वामन टिळक यांच्याशी झाला. टिळक कवी होते, अस्वस्थ होते आणि एका ठिकाणी फार काळ न टिकणारे होते. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. या बातमीने लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. लहानग्या दत्तूला घेऊन त्या नातेवाइकांच्या आधाराने राहिल्या. काही काळ पंढरपूर येथेही त्यांचे वास्तव्य होते. पती जिवंत असून संसार नाही, अशी ही अवस्था होती. कालांतराने त्या अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) येथे टिळकांजवळ राहावयास गेल्या. गेल्या तरी त्यांचे सोवळे सुटले नव्हते. ख्रिस्ती पतीच्या सहवासात राहून आपले अन्नपाणी वेगळे राखण्याचा त्यांचा प्रयत्न चालूच होता.

धर्मांतराच्या रूढ कथनांत परिवर्तनाचा क्षण हा ग्रंथवाचन, प्रवचन किंवा साक्षात्कार यांच्याशी निगडित असतो. टिळकांच्या बाबतीत तसे काही अंशी म्हणता येते. तुकारामांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो ही त्यांची धारणा प्रसिद्धच आहे. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत परिवर्तनाचे केंद्र पाण्याच्या भांड्याशी आहे. जात ईश्वराने निर्माण केली असती तर पशुपक्ष्यांतील भेदांप्रमाणे ती माणसाच्या देहावरही दिसली असती. ज्याअर्थी ती दिसत नाही, त्याअर्थी ती माणसांनीच केली आहे, अशा स्वरूपाच्या विचारापर्यंत त्या स्वतः पोहोचतात. त्यानंतर कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचा निश्चय त्या करतात. बाप्तिस्मा त्यांनी १९०० मध्ये घेतला. म्हणजे पंगत आधी बदलली आणि धर्म नंतर.

हा क्रम महत्त्वाचा आहे. लक्ष्मीबाईंच्या दृष्टीने ख्रिस्ती होणे म्हणजे एक सोवळे टाकून दुसरे पांघरणे नव्हते. ज्या हातांपासून दूर राहण्यात पूर्वी पावित्र्य मानले होते, त्याच हातांतून पाणी घेणे हे त्यांच्या नव्या पावित्र्याचे पहिले कृत्य ठरले. येथे मार्ककृत शुभवर्तमानातील प्रतिपादन एका मराठी स्त्रीच्या देहाच्या सवयींतून पार पडताना दिसते. सवय मोडताना होणारी घालमेल त्या लपवीत नाहीत. विचार पटला म्हणून शरीर लगेच ऐकत नाही, हे सत्य त्या स्वतःकडे हसून सांगतात. पावित्र्याचा विचार मांडणारे अनेक ग्रंथ विचारापाशी थांबतात. ‘स्मृतिचित्रे’ त्या विचाराला घशाखाली उतरण्यास किती काळ लागतो, हेही नोंदवितात.

उंबरा एकदा ओलांडला गेल्यावर घराचे स्वरूपच पालटते. टिळकांच्या घरात स्वतःच्या अपत्यांखेरीज इतरांचीही मुले वाढली. कवी त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजेच बालकवी, ख्रिस्ती न होताही या घरात मुलासारखे राहिले. प्लेगच्या दिवसांतील शुश्रूषेचे प्रसंगही ग्रंथात आहेत. ज्या माहेरी बाहेरून आलेली वस्तूदेखील धुतल्याशिवाय आत येत नसे, त्या माहेरची मुलगी पुढे बाहेरची माणसे न धुता घरात घेते. ग्रंथातील पावित्र्याचा प्रवास या एका वाक्यात सांगता येतो.

४. टिळकांचे वैराग्य आणि घरचा हिशेब

येथवरचे विवेचन स्वीकारले तर ‘स्मृतिचित्रे’ म्हणजे सोवळ्याकडून प्रेमाकडे जाणारी सरळ वाट, असा समज होऊ शकतो. काही ख्रिस्ती वाचकांनी तो ग्रंथ अशाच साक्षीसारखा वाचला आहे. परंतु ग्रंथातील खरी गुंतागुंत यापुढे सुरू होते.

रेव्हरंड टिळक हे निःसंशय थोर भक्त होते. पैशाविषयी उदासीनता, दीनांविषयी कळवळा, मनात आले की निघण्याची तयारी आणि दारी आलेल्याला विन्मुख न पाठविण्याची वृत्ती, हे त्यांचे गुण ग्रंथात पदोपदी दिसतात. १९१७ मध्ये त्यांनी अमेरिकन मराठी मिशनचे वेतन सोडले आणि सातारा येथे ‘देवाचा दरबार’ ही कल्पना मांडली. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे सर्व ख्रिस्तभक्त एका बंधुभावात यावेत, हा तिचा गाभा होता. चर्चच्या औपचारिक चौकटीबाहेर पाहणारी ही दृष्टी त्या काळात अत्यंत धाडसी होती, यात शंका नाही.

लक्ष्मीबाईंनी या पतीवर मनापासून प्रेम केले आणि त्यांची थोरवी कोठेही नाकारली नाही. परंतु त्या थोरवीचा घरगुती हिशेबही त्यांनी लपविला नाही. पतीने न सांगता घर सोडले की मागे राहणाऱ्या स्त्रीची काय अवस्था होते. हातातले पैसे दुसऱ्याला दिले गेले की संध्याकाळची चूल कशी पेटते. पाहुणे आले की ताटात काय वाढायचे. हे प्रश्न त्या विचारतात. त्या पतीशी भांडतात, रुसतात, त्यांची फजिती सांगतात आणि पुन्हा हसतात. या भांडणांना समीक्षेने बहुधा दांपत्यजीवनातील गोड कुरबुरी मानले आहे. ते वाचन अपुरे आहे.

वडिलांचे सोवळे आणि पतीचे वैराग्य यांत आशयाच्या दृष्टीने जमीनअस्मानाचे अंतर आहे. एक माणसांना दूर लोटते, दुसरे त्यांना जवळ ओढते. एकाचे मूळ भयात आहे, दुसऱ्याचे भक्तीत. परंतु रचनेच्या दृष्टीने दोहोंत एक साम्य राहते. दोन्ही ठिकाणी पावित्र्याचा निर्णय एक पुरुष घेतो आणि त्याची अंमलबजावणी घरातील स्त्रीला करावी लागते. सोवळ्यासाठी पाणी तिनेच भरायचे आणि दानासाठी उपासही तिनेच काढायचा. हे साम्य लक्ष्मीबाई कोठेही सिद्धान्तरूपाने मांडत नाहीत. दोन्ही प्रसंगमालिका त्या एकाच सुरात, एकाच हसऱ्या तपशिलाने सांगतात आणि निष्कर्ष वाचकावर सोपवितात.

यातून टिळकांचे मूल्य कमी होते का? तसे म्हणणे अन्यायाचे ठरेल. आपल्या थोरवीची चेष्टा करण्याचे स्वातंत्र्य पत्नीला ज्या घरात आहे, त्या घराच्या धन्याचे मोठेपण वेगळ्या जातीचे असते. टिळकांनीच लक्ष्मीबाईंना लिहावयास-वाचावयास शिकविले. ज्या लेखणीने त्यांचा हिशेब मांडला, ती त्यांनीच पत्नीच्या हाती दिली होती. म्हणूनच ग्रंथाचा सूर गाऱ्हाण्याचा होत नाही. तथापि, गाऱ्हाणे नाही म्हणून प्रश्नही नाही, असा अर्थ काढता येणार नाही.

लक्ष्मीबाईंचे स्वतःचे पावित्र्य या दोन पावित्र्यांच्या मध्ये घडते. त्याला नाव नाही, व्रत नाही, वस्त्र नाही. उरलेल्या पिठात आणखी एकाची भाकरी काढणे, दुसऱ्याचे मूल आजारी असता रात्रभर जागणे, रागावल्यानंतर पुन्हा बोलणे आणि स्वतःला फार गंभीरपणे न घेणे, अशा लहान कृतींतून ते साकारते. विनोद हा येथे शैलीचा अलंकार राहत नाही. तो नम्रतेचा एक प्रकार बनतो. स्वतःला पवित्र मानणारा मनुष्य स्वतःवर हसू शकत नाही. टिळकांच्या मृत्यूनंतर (१९१९) त्यांचे अपूर्ण ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पूर्णत्वास नेले. पतीच्या अर्धवट राहिलेल्या कामाची जबाबदारी त्यांनी जन्मभर घरात उचलली, तशीच ती काव्यातही उचलली.

५. पंडिता रमाबाई : एक तुलना

लक्ष्मीबाईंच्या या भूमिकेचे वेगळेपण पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्याशी तुलना केल्यास अधिक स्पष्ट होते. रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरही त्यांनी शाकाहार सोडला नाही. त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन यांना या आग्रहात जुन्या जातीय अभिमानाचा अवशेष दिसला, असे ए. बी. शहा यांनी संपादित केलेल्या व १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पत्रव्यवहारावरून कळते. रमाबाईंनी मात्र आपला विवेक कोणाच्याही स्वाधीन केला नाही. अंतःकरणाचे पावित्र्य हे ताटातील पदार्थांवर ठरत नाही, हे खरे असेल, तर ते मांस खाण्यानेही सिद्ध होत नाही, असा त्यांच्या वर्तनाचा अर्थ लावता येतो. १८८९ मध्ये स्थापन झालेल्या शारदा सदनातही विधवांना आपापले आचार पाळण्याची मोकळीक होती.

पुढे केडगावच्या मुक्ती सदनात रमाबाईंनी दुष्काळात निराधार झालेल्या स्त्रिया व मुली यांना आसरा दिला. तेथे प्रार्थना होती तशीच शेती, विणकाम आणि छापखानाही होता. १९०५ मध्ये मुक्तीत जे आध्यात्मिक पुनरुज्जीवन झाले त्याची चर्चा जगभर झाली. परंतु सामान्य स्त्रीला समजावे म्हणून मूळ हिब्रू व ग्रीकवरून सोप्या मराठीत केलेले बायबलचे भाषांतर आणि ते आश्रमातील स्त्रियांच्याच हातांनी छापणे, हे कार्यही त्याच पावित्र्याचा भाग होते. हे बायबल रमाबाईंच्या निधनानंतर १९२४ मध्ये पूर्णरूपाने प्रसिद्ध झाले.

रमाबाईंचे पावित्र्य संस्थेच्या रूपाने उभे राहिले, लक्ष्मीबाईंचे घराच्या रूपाने. संस्थेला इतिहासात जागा मिळते. घराला आठवणीखेरीज दुसरे दप्तर नसते. ‘स्मृतिचित्रे’चे महत्त्व हे की त्यांनी घराचे दप्तर लिहून ठेवले. दोघींच्या बाबतीत एक गोष्ट मात्र समान आहे. पावित्र्याचा निर्णय आणि त्याचे श्रम हे दोन्ही त्यांनी स्वतःकडे घेतले. दुसऱ्याच्या पाठीवर आपले पावित्र्य लादले नाही.

६. ग्रंथाच्या मर्यादा

समीक्षेने या ग्रंथाच्या मर्यादांकडेही पाहणे आवश्यक आहे. अहमदनगर परिसरातील, तसेच जालन्यासह मराठवाड्यातील ख्रिस्ती समाज बहुतांशी महार, मांग अशा दलित जातींतून आलेला होता. लक्ष्मीबाईंच्या निवेदनाचे केंद्र मात्र ब्राह्मण घरातून आलेल्या स्त्रीचे आहे. त्यांच्यासाठी दुसऱ्याच्या हातचे पाणी घेणे हा त्याग होता, प्रतिष्ठा सोडणे होते. ज्याच्या हातचे पाणी आजवर कोणी घेतले नाही, त्याच्या बाजूने हा प्रसंग कसा दिसला असेल? त्याच्या दृष्टीने पावित्र्य म्हणजे काही सोडणे नसून, नाकारलेले मनुष्यत्व परत मिळणे असणार. ‘स्मृतिचित्रे’त हा आवाज अप्रत्यक्षपणेच ऐकू येतो.

शिवाय, चर्चमध्ये आल्याने जात सुटली असे समीकरण मांडणे भाबडेपणाचे ठरेल. सहभोजन शक्य झाले तरी विवाहसंबंध, दफनभूमी, पद व प्रतिष्ठा यांत जुने भेद टिकून राहिल्याचे भारतीय ख्रिस्ती समाजाच्या अभ्यासकांनी वारंवार निदर्शनास आणले आहे. लक्ष्मीबाईंनी दाखविलेला मार्ग एका घरापुरता खरा आहे. त्याचे समाजव्यापी रूप कसे असावे, याचे उत्तर या ग्रंथाकडे मागणे योग्य नाही. परंतु ग्रंथाने दिलेला निकष त्या मोठ्या प्रश्नालाही लावता येतो, आणि तो लावला असता चर्चची व चर्चबाहेरच्या समाजाची अडचण सारखीच उघडी पडते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

(१) ‘स्मृतिचित्रे’ हे केवळ सहजीवनाचे हृद्य चित्र नाही किंवा धर्मांतराची साक्षही नाही. सोवळे, सहभोजन आणि वैराग्य या तीन टप्प्यांतून पावित्र्याच्या कल्पनेची केलेली ती एक सलग तपासणी आहे.

(२) लक्ष्मीबाईंच्या ख्रिस्ती पावित्र्याचा प्रारंभ सिद्धान्तापासून होत नाही. तो पाण्याच्या व्यवहारापासून होतो. वेगळे राहण्यातील पावित्र्याची जागा जवळ घेण्यातील पावित्र्याने घेतली, हे परिवर्तन बाप्तिस्म्याच्या आधीच घडलेले आहे.

(३) वडिलांचे सोवळे व पतीचे वैराग्य या दोहोंचा भार घरातील स्त्रीने वाहिला, ही नोंद ग्रंथाचा सर्वांत मौलिक वैचारिक भाग आहे. कोणत्याही पावित्र्याविषयी ‘ते कोणाच्या श्रमावर उभे आहे?’ हा प्रश्न विचारण्याची दृष्टी त्यातून मिळते.

(४) हा निकष ख्रिस्ती जीवनापुरता मर्यादित नाही. गंगाखेडच्या जनाबाईचे जाते आणि लक्ष्मीबाईंची चूल यांना जोडणारा धागा तोच आहे. दोन भिन्न धर्मपरंपरांतील या स्त्रियांनी राबणाऱ्या हातांकडे पावित्र्याचे माहेर म्हणून पाहावयास शिकविले.

महाविद्यालयीन अभ्यासक्रमांत ‘स्मृतिचित्रे’तील एखादा विनोदी उतारा नेमला जातो आणि विद्यार्थी तो हसून विसरतात. तो उतारा शिकविताना, धुतलेली वस्तू कोणी धुतली आणि त्यासाठी पाणी कोणी आणले, एवढा एक प्रश्न अध्यापकाने वर्गात विचारला, तरी या ग्रंथाचे अध्यापन बदलेल. पवित्र स्थळांच्या मालकीवरून वाद होत राहतील. त्या स्थळाकडे जाणारा माणूस घरून निघताना कोणाच्या हातची भाकरी बांधून घेतो आणि ती देणाऱ्या हातांविषयी त्याच्या मनात काय असते, यावर त्याच्या पावित्र्याची परीक्षा होत असते. लक्ष्मीबाई टिळकांनी ही परीक्षा प्रथम आपल्याच घराची घेतली, हे त्यांच्या ग्रंथाचे मोठेपण होय.